डाव्या हातच्या अकरा बांगड्या

१९६५ सालचा वैशाख होता आणि वार बुधवार. सोनाकाकूंच्या माजघरात भिंतीला पाठ टेकून द्वारका बसली होती. तिचा डावा हात माझ्या मांडीवर होता आणि मी त्याला साबणाचा फेस चोळत होते. परवा तिचं लग्न होतं आणि मी तिचा चुडा भरायला आले होते.

आम्ही कासार. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, बांगड्या भरायला मी सासूबाईंच्या हाताखाली शिकले. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. गावातल्या नवऱ्यामुलींचा चुडा भरायचा मान त्यांचा. पण त्या दिवशी सकाळी पाण्याची घागर उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली आणि त्या जागच्या हलेनात. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "मालन, तू जा. घाई करू नकोस आणि कुणाचं ऐकू नकोस." एकटीनं भरायचा माझा तो पहिला चुडा.

द्वारका माळ्यांची. वडील लहानपणीच गेलेले. आईनं, म्हणजे सोनाकाकूंनी, फुलांच्या मळ्यावर तिला वाढवलं होतं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणजे अठराची. आमच्या विहिरीवर पाण्याला यायची. मला मालनवहिनी म्हणायची आणि आत्याबाईंची नक्कल माझ्यासमोर इतकी हुबेहूब करायची की मला पदर तोंडात धरावा लागे. तिचा हात खुरप्याचा, पंजा रुंद. मी दोन मापांच्या बांगड्यांच्या माळा आणल्या होत्या. एक सव्वादोनची, दुसरी त्याच्यापुढची. तिला पुढचंच माप लागणार हे मला बघताक्षणी कळलं होतं आणि मी तीच माळ सोडायला घेतली होती.

पण तिची ठकूआत्या समोरच बसली होती. तिनं माळ हातात घेऊन बायकांना दाखवली. "हे बघा. हिची सासू तुळसाबाई असती तर सव्वादोनचा चढवला असता. नवरीचा चुडा कसा, हाताला धरून बसायला हवा. हिचा भरलेला चुडा म्हणजे म्हशीच्या गळ्यातली घंटा. द्वारकी सासरी कुठं आहे ते सगळ्या गावाला कळत राहील."

बायका हसल्या. द्वारकाही हसली. मी हसले नाही. मोठी माळ मी पिशवीत टाकली आणि सव्वादोनची काढली.

उजव्या हातात दहा भरल्या. एकेक चढली तशी ठकूआत्या गप्प होत गेली, आणि माझ्या अंगात जरा तोरा आला, हे खोटं कशाला सांगू. तेवढ्यात बाहेर मांडवात कुंभारीण लग्नाची मडकी घेऊन आली. तिची ओटी भरायला सगळ्या बायका उठून गेल्या. माजघरात आम्ही दोघीच राहिलो.

डाव्या हातात अकरा भरायच्या होत्या. सात गेल्या. आठवी अंगठ्याच्या मुळाशी अडली. अशा वेळी थांबायचं असतं. बांगडी मागं घ्यायची, पुन्हा फेस लावायचा, हात चोळून ढिला करायचा. मी थांबले नाही, रेटली. बांगडी कट्‌कन मोडली आणि द्वारकेनं ओठ आवळले.

जखम मनगटाच्या आतल्या बाजूला होती, गव्हाच्या दाण्याएवढी. पण रक्त थेंबाथेंबानं येतच राहिलं.

आमच्या घरात काच लागणं रोजचंच. आत्याबाईंचा त्यासाठी एक कायदा होता आणि तो घरात कुणालाही मोडता येत नसे. काच लागली की हातातलं काम टाकून उठायचं. वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुवायची, दुखलं तरी धुवायची. मग उजेडात धरून आत कण राहिलाय का ते पाहायचं. राख नाही, तंबाखू नाही, चुना नाही. उकळून वाळवलेल्या धडप्याची पट्टी बांधायची आणि रोज सोडून बघायची. त्या म्हणत, "दुखणं रोज थोडं थोडं उतरायला हवं. तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं, तर आत घाण धरलीय. मग घरात बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं." त्यांचा थोरला दीर काच लागूनच गेला होता, म्हणून हा कायदा.

मला तो पाठ होता. मी उठलेच. द्वारकेला म्हटलं, चल न्हाणीत, धुऊ.

तिनं माझा पदर धरला. न्हाणी मांडवाच्या पलीकडे होती. मांडवात सगळ्या बायका, आणि त्यांच्यात पिंपळोलीहून, म्हणजे तिच्या सासरगावाहून, आदल्या दिवशी आलेली नवऱ्याची मावशी.

"वहिनी, तुझ्या पाया पडते, कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "चुड्यात रक्त दिसलं म्हटल्यावर ही माणसं मांडवातून उठून जातील."

ती उगीच म्हणत नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिचं एक लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला आणि आठव्या दिवशी त्या मुलाचे वडील बैलगाडीवरून पडून गेले. तेव्हापासून द्वारका अपशकुनी ठरली. सोनाकाकू तिच्यासाठी कुठं कुठं गेल्या नसतील. हे पिंपळोलीचं स्थळ म्हणजे त्यांनी देवासमोर नाक घासून मिळवलेलं. मुलगा शाळामास्तर होता, निवृत्ती नावाचा. त्याला कुणी फारसं पाहिलं नव्हतं. त्याची मावशी मात्र सगळ्यांनी पाहिली होती, आणि सगळे तिला भीत होते.

आणि मलाही माझी भीती होतीच. एकटीनं भरलेला पहिला चुडा, आणि त्यात रक्त. ठकूआत्येचं तोंड मला दिसायला लागलं.

तबकात हळदकुंकू होतं. मी चिमूटभर हळद घेतली आणि जखमेवर दाबून धरली. हळद औषधी, असं आपण म्हणतोच. रक्त थांबलं. मी फरशीवरचे थेंब पुसले, मोडलेले तुकडे पिशवीत टाकले आणि उरलेल्या बांगड्या भरल्या. शेवटची बरोबर जखमेवर बसली. बायका परत आल्या तेव्हा अकराच्या अकरा बांगड्या हाताला धरून बसल्या होत्या. ठकूआत्येनं हात उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, "आहे गं बाई सासूच्या वळणाची."

घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, हात नीट भरला ना, एखादी वाढली-फुटली नाही ना. मी म्हटलं, नाही.

गुरुवारी हळद. नवऱ्याला लावलेली उष्टी हळद पिंपळोलीहून वाटीतून आली. ती तेलात कालवून पन्नास बायकांनी द्वारकेला लावली. कपाळाला, गालांना, पायांना, आणि हातांना कोपरापर्यंत. मीही लावली. तिचे दोन्ही हात पिवळेजर्द झाले, मनगटावर काय आहे ते कुणाला दिसायची सोयच राहिली नाही. मला बरंच वाटलं.

शुक्रवारी लग्न. मुहूर्ताच्या जरा आधी, मुंडावळ्या बांधून ती आत बसली असताना मी तिच्याजवळ गेले आणि हळूच विचारलं, हात कसा आहे. ती म्हणाली, "ठणकतोय गं. काल एवढं नव्हतं."

तो तिसरा दिवस होता.

याचा अर्थ काय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला माहीत होतं. पण बाहेर मंगलाष्टकं म्हणणारे घसा खाकरत होते आणि सोनाकाकू मुलीकडे अशा बघत होत्या की, काय सांगू. त्या बाईला मी तीन वर्षांत एकदाही सुखानं उभी राहिलेली पाहिली नव्हती. मी द्वारकेला म्हटलं, बांगडी जरा घट्ट आहे, सैलावेल. तिनं मान हलवली. मग तिला बाहेर नेलं.

लग्न नीट लागलं. संध्याकाळी ती पिंपळोलीला गेली. गाडीत चढताना तिनं डावा हात छातीशी धरला होता. बायका म्हणाल्या, लाजतेय.

शनिवार गेला, रविवार गेला. मी दुकानात बसत होते, गिऱ्हाइकांचे हात भरत होते आणि प्रत्येक हातात मला तोच हात दिसत होता. आत्याबाईंना सांगावं असं चारदा मनात आलं. मग वाटायचं, आता ती सासरी आहे, आता सांगून काय उपयोग. सोळा दिवस चुडा हलवायचा नाही हा आमच्याकडचा नियम, सांगितलं तरी कोण हात लावू देणार. स्वतःला समजावायला माणसाला कारणं कमी पडत नाहीत.

सोमवारी सकाळी ती माहेरी परत आली. लग्नानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी नवराबायकोनं जोडीनं यायचं असतं. मी चार जादा बांगड्या घेतल्या. नव्या चुड्यातली एखादी पिचकली तर कासारणीनं ती भरून द्यायची रीत असते, त्या निमित्तानं गेले. ओसरीवर निवृत्ती वर्तमानपत्र वाचत बसला होता. बारीक, चष्म्याचा, अवघडलेला. मी आत गेले.

वैशाखातल्या त्या उकाड्यात द्वारका गोधडी पांघरून पडली होती आणि तिचे दात वाजत होते. सोनाकाकू उशाशी बसून मीठमोहऱ्या ओवाळत होत्या. "दगदग झाली बघ," मला म्हणाल्या. "आणि दृष्ट. लग्नात केवढी गोरी दिसत होती."

मी गोधडीतून तिचा हात बाहेर काढला. तो मनगटापासून वर फुगला होता. बांगड्या मांसात रुतल्या होत्या, दोन बांगड्यांच्या मधली कातडी ताणून चकाकत होती. हात लावला तर तव्यासारखा गरम. मी पदराचं टोक तांब्यात भिजवलं आणि वरची हळद पुसून काढली. खालचा सगळा हात लाल होता. शेवटच्या बांगडीखालून पिवळट पू आला होता आणि त्याला वास होता. आणि तिथून एक लाल रेघ निघाली होती. कुणी बोटानं कुंकवाची ओढावी तशी, कोपराच्या आतून वर, दंडापर्यंत.

सोनाकाकूंनी ती रेघ पाहिली आणि त्यांचा ओवाळणारा हात थांबला.

मी म्हटलं, काकू, बांगड्या काढायला हव्यात, आत्ताच. सरकवून निघणार नाहीत, फोडाव्या लागतील.

त्या एकदम हळू आवाजात बोलायला लागल्या, ओसरीवर ऐकू जाऊ नये म्हणून. सहावा दिवस आहे. नवरा बाहेर बसलाय. नवऱ्याच्या जिवंतपणी, सहाव्या दिवशी, नवरीचा हिरवा चुडा फोडायचा? हे कुणाच्या बायकोचं करतात तुला ठाऊक नाही? त्या रडत नव्हत्या. माझं मनगट धरून नुसत्या बोलत होत्या. द्वारकेनं डोळे उघडले आणि तिनंही मान हलवली, नको म्हणून.

मी उठले आणि घरापर्यंत पळत गेले. आत्याबाई पाटावर बसून गहू निवडत होत्या. त्यांच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या.

"कितवा दिवस?"

"सहावा."

"पहिल्या दिवशी धुतली होती?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. कमरेला फडकं आवळून बांधलं, पकड घेतली आणि माझ्या खांद्यावर हात टाकून निघाल्या. वाटेत शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सोनाकाकूंच्या दारात त्या आत गेल्या नाहीत. ओसरीवरच थांबल्या, निवृत्तीसमोर. आत्याबाईंनी त्याला सरळ सांगितलं की मास्तर, तुमच्या बायकोच्या हाताला काच लागून विष चढलंय. चुडा फोडल्याशिवाय हात मोकळा होत नाही. तुमच्या घरचे काय म्हणतील ते तुम्ही बघा, पण मला आत जाऊ द्या.

त्याला आधी कळलंच नाही. मग तो उठला, वर्तमानपत्र तसंच टाकून आत गेला आणि द्वारकेचा हात पाहून आला.

"मग फोडा ना," तो म्हणाला. "मला विचारताय काय? बांगड्याच आहेत."

सोनाकाकू दाराआड उभ्या होत्या. त्यांनी भिंतीला हात लावला आणि तशाच खाली बसल्या. इतके दिवस आम्ही सगळ्याजणी ज्याला भीत होतो, तो माणूस एवढंच म्हणाला.

आत्याबाईंनी पकड माझ्या हातात दिली. त्यांची कमर वाकत नव्हती. ज्या हातांनी भरल्या त्याच हातांनी मी त्या फोडल्या. ओलं फडकं बांगडीखाली सारायचं, वरून फडकं धरायचं आणि पकडीनं चिरडायची. मांसात रुतलेली बांगडी फोडणं सोपं नसतं. द्वारका ओरडली नाही. प्रत्येक बांगडीला तिचे डोळे मिटत आणि उघडत. सोनाकाकू परसात निघून गेल्या होत्या, तो आवाज कानावर नको म्हणून. अकरावी फुटली तेव्हा खालून पू आणि रक्त वाहिलं आणि द्वारका म्हणाली, "हुश्श. आता बरं वाटतंय, वहिनी."

बैलगाडीनं रस्त्यापर्यंत आणि तिथून एस.टी.नं तालुक्याला दाते डॉक्टरांकडे. निवृत्ती आणि मी तिच्याबरोबर होतो. डॉक्टरांनी हात पाहिला, काखेत बोटं लावून पाहिलं, नाडी धरली. मग त्यांनी तिला विचारलं, बाळ, कधी लागलं हे?

द्वारकेला ताप डोक्यापर्यंत चढला होता, शब्द नीट फुटत नव्हते. तरी ती म्हणाली, "परवा. विळीवर कापलं. माझंच लक्ष नव्हतं."

ती माझ्याकडे बघतही नव्हती. त्या अवस्थेतसुद्धा तिला आठवत होतं की कुणाला सांगायचं नाही.

मी पुढं झाले आणि सांगितलं, नाही, बुधवारी. बांगडी फुटून. माझ्या हातून. धुतली नाही, हळद दाबली आणि वर बांगड्या भरल्या. निवृत्ती माझ्या मागं उभा होता. त्याच्याकडे वळून बघायचा धीर मला झाला नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी जखम उघडली आणि चिमट्यानं आतून एक कण काढून भांड्यात टाकला. तांदळाच्या कणीएवढा, हिरवा. पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला हवं, मी माझ्या गाडीतून नेतो. गाडीत त्यांनी मला एकदाच विचारलं की ठणका वाढत होता तर कुणी हात बघितला कसा नाही. मी म्हटलं, हळद होती. ते म्हणाले, "शनिवारी जरी आणली असतीत."

दोन दिवस तिथल्या लोकांनी शर्थ केली. बुधवारी दुपारी, जेवणाच्या वेळेला, द्वारका गेली. चुडा भरला त्याला बरोबर आठ दिवस झाले होते.

तिला गावी आणली. पुढं जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सवाष्ण गेली तर तिला नटवून पाठवतात, हिरव्या बांगड्या भरतात. तिच्या उजव्या हातात दहा बांगड्या होत्या. डावा उघडा होता. तशी नेली तर लोक म्हणाले असते, विधवेसारखी नेली. ठकूआत्या म्हणाली, दुसऱ्या गावची कासारीण आणू, हिचं तोंड नको. सोनाकाकू म्हणाल्या, "नाही. मालनच भरेल."

दुकानातलं सगळ्यात मोठं माप घेऊन मी गेले. ते बोटांच्याही वर जाईना. हात सुजून त्या मापाचा राहिलाच नव्हता. मी फेस लावला, आणि लावत राहिले. गार हात चोळत होते आणि मला कळत होतं की काही होणार नाही. शेवटी सोनाकाकूंनी माझे हात धरले. मग आम्ही दोघींनी अकरा बांगड्या हिरव्या दोऱ्यात ओवल्या आणि तिच्या मनगटावर नुसत्या बांधल्या.

दोरा बांधताना सोनाकाकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "बुधवारी मी तिच्या पदराला रक्त पाहिलं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं."

एवढं बोलून त्यांनी गाठ मारली.

आज साठ वर्षं होत आली. सोनाकाकू त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. मळा त्यांनी भावाला करायला दिला. माझ्याशी त्या कधी वाईट वागल्या नाहीत, उलट संक्रांतीला बांगड्या भरायला माझ्याचकडे यायच्या. हात पुढं करून दुसरीकडे बघत बसायच्या. ठकूआत्येनं गावभर सांगितलं की कासारणीनं सहाव्या दिवशी चुडा फोडला म्हणून पोरगी गेली. पुष्कळांना ते खरं वाटलं आणि अजूनही वाटत असेल. मी कुणाला अडवलं नाही. तीही म्हातारी होऊन, दृष्टी जाऊन, भाच्याच्या दारात वारली. दाते डॉक्टर पुढं आमच्या गावात आठवड्यातून एकदा यायला लागले. त्यांनी शाळेत पोरांना आणि बायकांना जखम कशी धुवायची ते शिकवलं. नाव कुणाचं घेतलं नाही.

मी चुडे भरायचं सोडलं नाही. आत्याबाईंनी सोडू दिलं नाही. पण कुणाच्या हाताला नखभर जरी काच लागली की मी मोठ्यानं ओरडून सगळ्यांना सांगत असे आणि नवरीला मांडवातून, सगळ्यांच्या देखत, मोरीवर नेऊन हात धूत असे. मग तिसऱ्या दिवशी तिच्या सासरी जाऊन हात बघत असे, बोलावणं नसलं तरी. दोनदा माझं भांडण झालं, एकदा अंगावर पाणी फेकलं. लोकांनी मला कजाग ठरवलं. असू दे. सात-आठ हात तरी असे पाहिले की जे वेळेवर डॉक्टरकडे गेले. त्या बायका आज आज्या झाल्यात.

निवृत्तीमास्तरांनी चार वर्षांनी दुसरं लग्न केलं. तीन मुलं झाली, हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. १९८१ साली आत्याबाई गेल्या तेव्हा ते पिंपळोलीहून भेटायला आले. केस पिकले होते. ओसरीवर बसले, चहा घेतला, आत्याबाईंबद्दल चार शब्द बोलले. मी समोर जोत्यावर बसले होते. सोळा वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. म्हणून मी म्हटलं, मास्तर, तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत.

त्यांनी कप खाली ठेवला. चष्मा काढून धोतराला पुसला आणि पुसतच राहिले.

"तुम्हाला काय बोलू," ते म्हणाले. "लग्नात तिचा हात माझ्या हातात दिला ना, तेव्हाच तो तापलेला होता. चांगलाच गरम. मी त्याआधी कधी कुठल्या बाईचा हात धरला नव्हता. मला वाटलं, नवरीचा हात असाच असतो."